बरकतीचा फेरा

शंकूच्या आकाराच्या तारेच्या गुंडाळीचं इंडक्टन्स काढता येत नसेल, तर मुलीनं लग्नाला उभं राहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हे मत मी स्वतःच्या लग्नात, कपाळाला मुंडावळ्या, हाताला मेंदी आणि दातात तांब्याच्या तारेचं टोक अशा अवस्थेत बनवलेलं असल्यामुळे ते आता बदलण्याची शक्यता नाही.

आमचं घर छावणीत. तिथंच दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. फुलंब्रीकडच्या शेतकऱ्याची विहिरीवरची मोटार जळाली, की तो ती पोत्यात घालून दादांकडे आणतो. दादा जळकी तार उपसून काढतात, तिचे फेरे मोजतात, तितकेच फेरे नवीन तारेचे भरतात, वर बरकतीचा म्हणून एक फेरा जास्त टाकतात, आणि वार्निश पाजून मोटार परत देतात. ती मोटार पुढं कित्येक वर्षं पाणी फेकते. या सगळ्या कारभारात कागद फक्त एकदाच लागतो, तो म्हणजे हात पुसायला.

अशा घरात मी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनियर झाले. डिग्री घेऊन घरी आले तेव्हा दादांनी ती पुढून पाहिली, मागून पाहिली, कोपरा दोन बोटांत धरून चोळला आणि म्हणाले, "कागद चांगला जाड हाय."

बस. चार वर्षांच्या अभ्यासावर एवढंच. नंतर मी वाळूजच्या कारखान्यात लागले, तिथं माझ्या हाताखाली सहा माणसं आली, तरी दादांचं मत बदललं नाही. गणित कागदावर असतं, मोटार हातानं फिरते, असं ते कुणालाही सांगायचे. मला वाईट वाटायचं. वाईट वाटलं की मी ते तोंडानं सांगत नाही, मनात एक तारीख धरून ठेवते. कधीतरी माझ्या गणितानं काहीतरी असं करून दाखवायचं, की दादांनी चारचौघांत ते कबूल करावं, हे मी तेव्हाच ठरवलं होतं.

ती तारीख म्हणजे माझ्या लग्नाची निघाली.

लग्न ठरल्याबरोबर सिल्लोडहून आत्या आली, म्हणजे दादांची थोरली बहीण. ती आली ती रुखवत ताब्यात घेण्यासाठी. नवरीच्या हातच्या कलाकुसरीच्या वस्तू टेबलावर मांडायच्या आणि नवऱ्याकडच्या बायकांनी त्या बघून नाकं मुरडायची, ही आमच्याकडची पद्धत. आत्यानं आठ दिवसांत बत्ताशांचा महाल, मोत्यांची सायकल, लोकरीचं तोरण आणि सुपारीचे भटजी असा संसार उभा केला. यातलं काहीच माझ्या हातचं नव्हतं. मी एका रुमालावर मोर भरायला घेतला होता, पण दोन दिवसांनी आईनं त्याला प्रेशर कुकर समजून "शिट्टी छान जमली" असं कौतुक केलं, तेव्हा मी तो प्रयोग थांबवला.

आत्या चिडली. "उद्या सासरची माणसं इचारतील, पोरीच्या हातचं काय हाय, तर काय दाखवू? तुजी डिग्री?"

मी म्हटलं, दिवा दाखव. माझ्या हातचा दिवा. त्याला वायर नसेल, सेल नसेल, टेबलावर नुसता ठेवला की लागेल.

दुकानाच्या दारात उभे असलेले दादा हे ऐकून आत आले आणि पहिल्यांदा माझ्या एखाद्या विधानासाठी त्यांनी खुर्ची ओढून घेतली. त्यांनी विचारलं, वीज येणार कुठून? मी सांगितलं ते असं: टेबलाच्या खाली तारेचं एक गोल वेटोळं लपवायचं. त्यात सर्किटची एक छोटी पाटी बॅटरीवर वीज मागंपुढं हलवत राहील, एका ठरलेल्या वेगानं. (दिव्याला सेल नाही हे माझं म्हणणं खरंच होतं. सेल टेबलाला होता.) वरच्या दिव्याच्या गुंडाळीचा स्वतःचा वेग तोच असेल, तर झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का दिल्यावर तो जसा उंच जातो, तशी वरची वीज वाढत जाते आणि दिवा लागतो. वेग जरा चुकला की दिवा मेला. खालची पाटी बाजारातून तयार आणलेली, तिचा वेग बदलता येत नाही. म्हणून वरच्या गुंडाळीचं इंडक्टन्स अचूक निघालं पाहिजे.

"इंडक्टन्स म्हंजे?"

"तार गुंडाळली की तिच्यात एक अडेलपणा येतो, दादा. वीज बदलायला निघाली की ती आडवी पडते. किती आडवी पडते ते मोजायचं."

दादांनी थोडा विचार केला. "मंग तुज्या आत्याचं किती भरंल?"

आत्या आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. पण अडेलपणाचा विषय निघालाच आहे तर सांगते, तो आमच्या घरात तारेशिवायही सापडतो. गुंडाळी साधी सरळ नळकांड्यावर केली असती तर सूत्र एका ओळीचं होतं. मी शंकू निवडला. का, तर दादांनी चाळीस वर्षांत हजारो गुंडाळ्या केल्या, पण शंकूची एकही केली नव्हती. त्यांच्या हाताला जे ठाऊक नाही, तेच मला करून दाखवायचं होतं. वर देवळाच्या शिखरासारखं दिसेल म्हणून आत्याही खूश झाली असती, बोलत असती तर.

शंकूचं गणित खरोखर चिवट असतं. नळकांड्याचं सूत्र वेगळं आणि पापडासारख्या चपट्या वेटोळ्याचं वेगळं. शंकू बिचारा दोन्हींच्या मधला. म्हणून दोन्ही उत्तरं काढायची, शंकूचा उतार किती त्याप्रमाणे ज्याचा त्याला वाटा द्यायचा, दोघांचे वर्ग करून बेरीज करायची आणि मूळ काढायचं. त्यात सूत्र इंचातलं आणि आमच्या घरातली पट्टी सेंटिमीटरची. मी शंकूची तळाची रुंदी मोजली, वरची मोजली, उंची मोजली, सरासरी काढली, आणि चार पानं भरल्यावर उत्तर आलं: एकशेवीस फेरे. मी त्याभोवती लाल पेनानं दोनदा गोल काढला आणि ते पान दुकानात दादांच्या नजरेसमोर चिकटवलं.

दादांनी ते वाचलं नाही, पण त्याची जाहिरात मात्र केली. मोटार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगू लागले, लेकीनं दिवा केलाय, वायर नाय, सेल नाय, लग्नाला या. पत्रिकेवरचा मुहूर्त लोकांना सांगायचा असतो, पण फुलंब्रीपर्यंत जी बातमी गेली तीत नवऱ्याचा उल्लेखसुद्धा नव्हता. दिवा अजून झालेलाच नव्हता, आणि दादांनी आपली चाळीस वर्षांची पत त्याच्यावर लावून टाकली होती.

शंकू मी जाड पुठ्ठ्याचा केला आणि दादांकडच्या वार्निशनं कडक करून घेतला. तेवढ्यात आत्याचा अबोला संपला, कारण तिला एक उणीव दिसली होती. उघडाबोडका पुठ्ठा रुखवतात ठेवायचा व्हय, असं म्हणून तिनं शंकूच्या तळाशी दोन बोटं रुंदीची हिरव्या खणाची किनार शिवली. किनार छान दिसत होती. मी म्हटलं, बरं, किनार संपते तिथून वर तार गुंडाळू. (वाचकांनी ही खणाची किनार ध्यानात ठेवावी. मी ठेवली नाही.)

मला कारखान्यातून सुट्टी मिळत नव्हती, म्हणून गुंडाळण्याचं काम वाटून दिलं. एकशेवीस भागिले चार, म्हणजे प्रत्येकी तीस फेरे. पहिले तीस दादांचे, मग आईचे, मग आत्याचे, शेवटचे माझे. मी तिघांनाही बजावून सांगितलं: तीस म्हणजे तीस, एकोणतीस नाही. एकतीस नाही, हे सांगायचं माझ्या डोक्यात आलं नाही. ज्या घरात पोळ्या मोजून लाटल्या तरी वर एक लाटतात, डब्यात तांदूळ मापून घातले तरी वर एक मूठ घालतात, त्या घरात मी जन्मल्यापासून राहत होते. तरीही आलं नाही.

रविवारी दुपारी माझे तीस फेरे झाले. टोकाला बल्ब जोडला, खाली पाटी लावली, आणि शंकू टेबलावर ठेवला. दिवा लागला! असा लागला की तांब्याची सगळी तार खालपासून वरपर्यंत सोन्यासारखी दिसू लागली. आईनं हात जोडले. आत्यानं शंकू उचलून पाहिला, दिवा विझला, ठेवला, लागला, उचलला, विझला, हा खेळ तिनं इतक्या वेळा केला की शेवटी तिला खुर्चीत बसवावं लागलं. दादांनी चष्मा लावला, टेबलाखाली वाकून पाहिलं, शंकूच्या आत डोकावून पाहिलं, आणि "हं" म्हणाले.

गणिताबद्दल एक शब्द नाही. पण अर्ध्या तासात त्यांनी गल्लीतले अकरा लोक दिवा दाखवायला आणले, तेव्हा मी मनात म्हटलं, थांबा, मांडवात कबूल कराल.

इथं ही गोष्ट संपायला हवी होती. शहाण्या माणसानं लागलेला दिवा बांधून ठेवला असता आणि सुखानं हळद लावून घेतली असती. पण लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी सामान बांधताना आत्या सहज आईला म्हणाली, "हिनं तीस सांगितले, म्या तीस दिले आन् वर एक बरकतीचा."

माझ्या हातातले सुपारीचे भटजी खाली पडले.

मी आईकडे पाहिलं. आई पदराशी चाळा करत म्हणाली की तिनंपण एक दिला. मी दादांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते. चष्मा आधीच स्वच्छ होता.

"दादा, तुम्हीपण?"

"म्या तर देणारच ना, माय. बरकतीचा फेरा कुणी सोडतं व्हय?"

म्हणजे एकतीस, एकतीस, एकतीस आणि माझे तीस. एकशेतेवीस! मी बसून फेरे मोजले, दोनदा मोजले, एकशेतेवीसच. माझं डोकं असं तापलं की त्यावर भाकरी भाजली असती. दिवा एकशेतेवीसवर लागला, तर तो कुणाच्या हिशेबानं लागला? माझ्या चार पानांच्या की यांच्या बरकतीच्या? उद्या दादा चारचौघांत कबूल करणार ते काय? गणित हरलं, फेरा जिंकला?

मी तिथल्या तिथं विचार केला, आणि तो मला त्या वेळी फार तर्कशुद्ध वाटला. माझं गणित एकशेवीसचं आहे. तीन फेरे चुकीचे असूनही दिवा एवढा उजळतो. तर ते तीन काढले की केवढा उजळेल! मी दादांचीच कात्री घेतली.

दादा घाईनं पुढं आले. "लागत्या दिव्याला हात लावू नये, माय."

"चुकीचा लागलाय तो."

"चुकीचा कसा लागंल? एक तर लागतो, नायतर नाय लागत."

यावर मी तार कापली. तळाकडचे तीन फेरे उलगडून टाकले, टोक परत जोडलं आणि शंकू खोक्यात ठेवला. आईनं विचारलं, एकदा लावून नाही का बघायचा? खालची पाटी आणि वेटोळं टेबलासकट सकाळीच कार्यालयात गेलं होतं. शिवाय मी आईला जे वाक्य सांगितलं ते मला आजही घरात कुणी ना कुणी ऐकवतं: गणिताची परीक्षा घ्यायची नसते.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात रुखवत मांडलं गेलं. मधोमध शंकू, एका बाजूला बत्ताशांचा महाल, दुसऱ्या बाजूला मोत्यांची सायकल. नवऱ्याकडच्या मोठ्या काकू आठ-दहा बायका घेऊन आल्या. पण त्यांना टेबलापर्यंत पोहोचता येईना, कारण पुढच्या तीन रांगा दादांच्या गिऱ्हाइकांनी भरल्या होत्या. फेटे, टोप्या, गळ्यात उपरणं. पंगत बसली होती ती सोडून ही माणसं दिवा बघायला उभी होती. दादा त्यांच्यात पांढरं धोतर नेसून, हात मागं बांधून उभे होते. त्यांची मान मी एवढी ताठ कधी पाहिली नव्हती.

मी टेबलाखाली हात घालून बटण दाबलं.

काही झालं नाही.

परत दाबलं. शंकू तसाच. तांब्याची तार, हिरवी किनार, आणि वर एक थंडगार बल्ब.

आमच्याकडे काही चाललं नाही की सल्ल्यांची टंचाई पडत नाही. एक जण म्हणाला उजेडात दिसत नसंल, लाइट बंद करा. कुणीतरी उत्साहानं मुख्य खटकाच खाली ओढला. त्याबरोबर पंखे थांबले, सनईची रेकॉर्ड मध्येच गळा दाबल्यासारखी बंद पडली, गुरुजींच्या माइकमधला मंत्र अर्ध्यावर तुटला, आणि भटारखान्यातून मिक्सर बंद पडल्याची आरोळी आली. अंधारात पन्नास माणसं श्वास रोखून शंकूकडे पाहत होती. शंकू पन्नास माणसांकडे पाहत होता. खटका वर झाला, तेव्हा एक आजोबा पुढं येऊन म्हणाले, "मोटार अडली की म्या बाजूनं एक ठिवून देतो," आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी शंकूला थाप मारली. त्यानं बत्ताशांच्या महालाचा सज्जा तेवढा कोसळला.

मोठ्या काकू गर्दीतून वाट काढत पुढं आल्या. त्यांनी विचारलं की दिवा-दिवा म्हणत होते तो कुठं आहे. मी परत बटण दाबलं. आणि मग आत्या बोलली, जिनं महिनाभर माझी खिल्ली उडवली होती ती आत्या.

"मुहूर्तावर लागनार हाय तो," आत्या म्हणाली. "आदी लावला तर दृष्ट लागती."

काकूंनी मान डोलावली. मुहूर्ताला पाऊण तास होता.

मी टेबलामागं जमिनीवर बसकण मारली. पैठणीचं काय होतंय ते पाहायला वेळ नव्हता. आईला म्हटलं एक पत्रिका दे आणि पेन दे, आणि पाऊण तास मला कुणी हळद, अक्षता, फोटो यांपैकी कशालाही बोलवू नका. आई उभी राहिली आणि तिनं आडवा पदर धरून सगळ्यांना अडवलं. पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर मी नळकांड्याचं सूत्र लिहिलं, पापडाचं लिहिलं. आकडे तेच. उत्तर तेच. एकशेवीस. परत केलं. एकशेवीस. मुंडावळ्या सारख्या डोळ्यांवर येत होत्या, त्या मी कानामागं खोचल्या आणि तिसऱ्यांदा केलं. हरायचं नाही एवढं एकच डोक्यात होतं. दिवा लागला नाही तर माझं हसं होईल ते होईल. पण त्या तीन रांगांमधून दादांना मान खाली घालून जावं लागलं असतं, आणि ते मला सहन झालं नसतं.

दादा हळूच येऊन माझ्या शेजारी उकिडवे बसले. माझ्या पत्रिकेकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. ते शंकूकडे पाहत होते. त्यांनी खणाच्या किनारीवरून बोट फिरवलं, आणि त्या किनारीच्या वर जिथं तार सुरू होत होती तिथं ठेवलं.

"माय, माप कवा घेतलं व्हतं? खण लावायच्या आदी का मागून?"

मी पेन खाली ठेवलं.

आधी. माप मी आधी घेतलं होतं. पुठ्ठ्याच्या पार तळापासून. तार मात्र दोन बोटं वरून सुरू झाली होती, जिथं शंकू निमुळता होतो. म्हणजे माझ्या कागदावरची गुंडाळी खऱ्या गुंडाळीपेक्षा जाडजूड होती. खरी गुंडाळी अंगानं बारीक, तिचा अडेलपणा कमी, म्हणून तिला फेरे जास्त लागणार होते. सूत्रात चूक नव्हती. सूत्र वापरणारीत होती.

मी पट्टी मागितली, ती मिळाली नाही. मग वाढप्याकडून स्टीलचा डाव आणला, त्याची लांबी कुणालाच ठाऊक नव्हती म्हणून तो परत दिला, आणि शेवटी सभागृहातल्या फोटोवाल्याकडे टेप सापडली. किनारीच्या वरून नवीन माप घेतलं. नळकांडं, पापड, वर्ग, बेरीज, मूळ. उत्तर आलं.

दादांनी विचारलं, "किती?"

मी पत्रिका उलटी करून ठेवली.

"किती आलं, माय?"

"एकशेतेवीस," मी म्हटलं.

दादा हसले नाहीत. हसले असते तर मला राग तरी काढता आला असता. त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि तारेची एक छोटी गुंडी बाहेर काढली. काल मी कापून टाकलेले ते तीन फेरे. तांबं कचऱ्यात टाकत नसतेत, एवढंच ते म्हणाले.

त्यांनी ब्लेडनं तारेच्या टोकांवरचा लेप खरवडायला घेतला. दोनदा ब्लेड घसरलं. मग त्यांनी ते माझ्या हातात दिलं. मी खरवडलं, टोक जुन्या टोकाला पिळून घट्ट जोडलं, दुसरं टोक दातात धरलं आणि शंकू मांडीवर घेतला. किनार बोटांनी दाबून धरून त्यांनी मला जागा करून दिली. बाहेर गुरुजी माइकवरून नवरीला बोलवत होते आणि त्यांच्या आवाजात मंगल असं काही उरलं नव्हतं.

पहिला फेरा घातला, शंकू टेबलावर ठेवला. काही नाही. दुसरा घातला. बल्बच्या आत एक लालसर रेघ दिसली, इतकी बारीक की ती मला एकटीलाच दिसली असावी. तिसरा फेरा घातला. टोक जोडलं, शंकू ठेवला, आणि दिवा लागला. भर दुपारी, सगळे लाइट चालू असताना, शेवटच्या रांगेपर्यंत दिसेल असा लागला.

मग थाप मारणारे आजोबा म्हणाले, "मिस्तरी, लागला की हो."

सगळ्यांनी दादांच्या पाठीवर हात ठेवायला सुरुवात केली. माणसं धरूनच चालली होती की शेवटी मिस्तरीचा हात लागला म्हणून दिवा लागला. मोठ्या काकूही तसंच म्हणाल्या, वडिलांच्या हातात जादू आहे. मी खाली बसलेली, पैठणीला जमिनीची धूळ, तोंडात तांब्याची चव. मला वाटलं, झालं. बरकत जिंकली. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्याचं काही वाटलंही नाही, दिवा लागला होता.

तेव्हा दादांनी घसा खाकरला.

"म्या नाय लावला," ते म्हणाले, आणि मोटारीच्या आवाजावर बोलायची सवय असलेला त्यांचा आवाज मांडवभर गेला. "म्या अंदाजानं फेरा टाकतो. फेरा का लागतो ते मला चाळीस वर्षांत ठावं नव्हतं. हिनं कागदावर काढून दाखवलं, तीनच कमी हायेत. हिच्या गणितानं लागलाय."

मला रडू आलं. चांगलं हुंदका देऊन आलं. काजळ गालावर उतरलं, आणि सासरकडच्या बायकांना वाटलं पोरीला माहेर सुटण्याचं दुःख अनावर झालंय. त्या माझी समजूत घालू लागल्या. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. आत्यानं मात्र कानाशी येऊन विचारलं, दिवा आता असाच लागंल ना, का अजून काही कापायचं हाय?

त्यानंतर माझं लग्न लागलं. अक्षता कधी पडल्या, फोटोत कोण कुठं उभं राहिलं, यातलं मला फारसं आठवत नाही. माझं लक्ष टेबलाकडे होतं. दादांची गिऱ्हाइकं एकेक करून शंकू उचलत होती, ठेवत होती, आणि दादा प्रत्येकाला किनारीवर बोट ठेवून नळकांडं आणि पापड समजावून सांगत होते. पापडाचा भाग ते चुकीचा सांगत होते, पण मी मध्ये पडले नाही.

सप्तपदीच्या वेळी गुरुजी भलतेच सावध झाले होते. या नवरीचा भरवसा नाही हे त्यांना कळलं होतं. प्रत्येक तांदळाच्या राशीवर माझं पाऊल पडलं की ते मोठ्यानं मोजत. पाच झाली, सहा झाली, सात झाली. नवरा थांबला. गुरुजींनी पोथीचं पान उलटलं.

मी आठवं पाऊल टाकलं.

"ताई," गुरुजी थकून म्हणाले, "सातच असतात."

"असू द्या, गुरुजी," मी म्हटलं. "या लग्नाचा हिशेबही मीच केलाय, वर एक असलेलं बरं."